ओटीपी तेवढा सांगा, साहेब

घरी फायबरचं इंटरनेट घ्यायचं ठरवलंत? अभिनंदन. आता पैसे भरा आणि बाकी कशातही नाक खुपसू नका.

प्लॅन निवडताना फक्त मोठ्या अक्षरातला आकडा बघायचा. 18 टक्के जीएसटी वेगळा, 3300 जीबीनंतर वेग कमी, असलं जे खाली बारीक अक्षरात असतं ते संशयी स्वभावाच्या लोकांसाठी. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, हा आठने भागायचा हिशोबही करू नका, उगाच मन खट्टू होतं. आणि हो, वर्षाचे पैसे एकदम भरा. महिन्याच्या महिन्याला भरलेत तर सेवा वाईट निघाल्यावर सोडून जाता येतं, आणि एवढं स्वातंत्र्य ग्राहकाला झेपत नाही.

जुनं कनेक्शन आधी बंद करून टाका, नवं कधी लागेल ते कळायच्या आत.

वायरवाला आला की त्याला चहा द्या आणि आतल्या खोलीत जाऊन बसा. जिन्यातल्या स्प्लिटरच्या (एका फायबरचा उजेड अनेक घरांत वाटणाऱ्या) डबीपासून हॉलपर्यंत वायर कशी येते यात बघण्यासारखं काही नसतं. ती सरकत्या खिडकीच्या फटीतून आत घेऊ द्या. रोज काच लावताना चेपेल थोडी, पण भिंतीला भोक पाडलं की रंग जातो ना! भोक पाडलंच तर ते बाहेरच्या बाजूला उतरतं नको, आणि भोकाआधी वायरीला खाली झोलही नको. तसं केलं तर पावसाचं पाणी झोलावरूनच गळून जाईल, मग श्रावणात भिंतीवर नकाशे कसे उमटणार? कोपऱ्यावर वायर काटकोनात दुमडून वर क्लिप ठोकली की काम कसं नेटकं दिसतं. आत केसाएवढी काच आहे, वळण निदान तीन सेंटिमीटर त्रिज्येचं गोल हवं, नाहीतर नेट वाहून आणणारा उजेड वळणावरच बाहेर निसटतो, वगैरे किरकिर करू नका. दोन-तीन मीटर जास्तीची वायर गुंडाळून ठेवायलाही सांगू नका. पुढे टोक खराब झालं तर तेवढंच कापून नवा कनेक्टर बसेल आणि अख्खी वायर बदलायची गंमत जाईल.

कनेक्टरच्या रंगात तर काही बघूच नका. हिरव्याचं तोंड आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. पण हिरव्याच्या जागी निळा बसतो, दिवाही लागतो, मग आत फट राहून उजेड वाया गेला तर तुमचं काय गेलं? काचेचं टोक स्पिरिट लावलेल्या कापडाने पुसलं की शर्टाला, हाही ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न.

राउटर टीव्हीच्या कपाटात, काचेच्या दाराआड, सेट टॉप बॉक्सला चिकटून ठेवा.

कॉम्प्युटरला लॅन केबल ओढायची असेल तर आठातल्या चारच तारा टोकाच्या प्लगमध्ये दाबून (क्रिंप करून) घ्या. चार तारांवर 100 च्या पुढे जाता येत नाही, तेवढीच तुमच्या 300 च्या प्लॅनला विश्रांती.

फायबर ज्यात येऊन लागतो तो बॉक्स इन्व्हर्टरवर घेऊ नका. मधल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, त्यामुळे कंपनीच्या टोकाला बॅकअप असला आणि तुमच्या 12 व्होल्टच्या बॉक्सला वीज मिळाली तर सोसायटी अंधारात असतानाही नेट चालू राहील. शेजाऱ्यांना काय वाटेल?

आता सगळ्यात महत्त्वाचं. काम झालं की तो माणूस राउटरला खेटून उभा राहील, स्वतःच्या फोनवर स्पीड टेस्ट लावेल, काटा उजवीकडे गेलेला दाखवेल आणि म्हणेल, "ओटीपी आला असेल बघा." लगेच सांगा, म्हणजे काम पूर्ण झालं हे तुम्हीच मान्य केलंत. उजेड मोजायचा पॉवर मीटर लावून रीडिंग दाखव, असं म्हणायचं धाडस करू नका. मीटर त्याच्या बॅगेत असतो, पण बॅग खाली गाडीला लटकवलेली असते. समजा त्याने दाखवलंच आणि आकडा उणे 26 आला, तरी मान डोलवा. हिशोब कशाला हवाय? डीबीएम हे उजेडाच्या जोराचं माप, उण्याचा आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड कमी. कंपनीच्या मशीनमधून उजेड साधारण अधिक 3 डीबीएमने निघतो. एका फायबरवर 64 घरं असली तर स्प्लिटरच 20 डीबीच्या आसपास खातो. उरलेलं अंतर, जोड आणि कनेक्टर खातात. तुमच्या बॉक्सला उणे 27 पर्यंतच दिसतं. म्हणजे उणे 19-20 असेल तर निवांत, आणि उणे 26 असेल तर एक कनेक्टर जरा मळला की खेळ संपला. दर तीन डीबीला उजेड निम्मा होतो. पण स्पीड टेस्ट तर उणे 26 लाही झकास येते! म्हणून तर ती दाखवतात.

मग रात्री कधीतरी लॉसचा लाल दिवा लुकलुकायला लागेल. घाबरू नका, कस्टमर केअरला फोन लावा. ते विचारतील, घरात लाईट आहे का? राउटर बंद करून चालू केलात का? दहा मिनिटं बंद ठेवून बघा. नम्रपणे बंद ठेवा. लाल लॉस म्हणजे बॉक्सपर्यंत उजेडच पोचत नाहीये. तो शंभर वेळा बंद-चालू केला म्हणून तुटलेली काच सांधली जाणार आहे का? आणि कस्टमर केअरवाल्यांनो, घरात लाईट आहे का हे मला काय विचारता? घरची वीज गेली तर विझता विझता बॉक्स तसा निरोप पाठवतो, 'डायिंग गॅस्प' म्हणतात त्याला. निरोप आला असेल तर वीज गेली. निरोप न येता उजेड गेला तर फायबर. एकच घर बंद असेल तर त्या घराची वायर, एका फायबरवरची सगळी घरं बंद असतील तर मेन लाइन. हे सगळं तुमच्याच मशीनमध्ये नोंदलेलं असतं, ते उघडून बघा ना! ते सोडून बायका-माणसांना स्टूलवर चढवून राउटरमागच्या वायरी हलवायला लावता.

आणि त्यानंतरचा कहर म्हणजे, कुणी न येता मेसेज येतो, आपली तक्रार सोडवली आहे. (हो, परवाच. लाल दिवा समोर चालूच.) परत फोन केला की म्हणतात, ते तिकीट क्लोज झालंय, नवीन घ्यावं लागेल. नवीन तिकीट, म्हणजे मुदत पुन्हा पहिल्यापासून. कागदावर सगळ्या तक्रारी वेळेत सुटलेल्या, आणि घरात मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पोरांची परीक्षा चाललेली.

उपरोध बास. सरळ सांगतो. कंपनीवाल्यांनो, मीटर लावून रीडिंग दाखवायला दोन मिनिटं लागतात. पहिल्याच दिवशी ती दोन मिनिटं दिलीत तर तुमचाच माणूस पुढे तीनदा यायचा वाचेल. तिकीट बंद करून वायर सांधत नाही, लाज वाटली पाहिजे. आणि तुम्ही वाचणारे, तुमचाही दोष आहेच. भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी हुज्जत घालता आणि वर्षाचे पैसे मोजलेल्या कामाचा ओटीपी दारातच सांगून मोकळे होता? आधी रीडिंग बघा, त्याचा फोटो काढा, वायर कुठून आली ते चालत जाऊन बघा, मग सांगा ओटीपी. तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून ठेवा. तिकीट न सुटता बंद केलं तर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा, वेबसाइटवर पत्ता द्यावाच लागतो त्यांना. तिथेही दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915. आणि राउटर आधी त्या कपाटातून बाहेर काढा.