तिसऱ्या दिवशीच्या ट्रान्सफरबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला, आणि आज ओपीडी सुरू व्हायच्या आत उत्तर लिहायला बसले आहे. तुम्ही लिहिलंय की टेस्टट्यूब बेबीच्या उपचारात (आयव्हीएफ) लॅबमध्ये तीन गर्भ तयार झाले, त्यातले दोन अंडी काढल्यानंतर तिसऱ्याच दिवशी ट्रान्सफर केले, म्हणजे गर्भाशयात सोडले, उरलेला पाचव्या दिवसापर्यंत ठेवून ‘टिकला नाही’ असं कळवलं, आणि पुढे बीटा, म्हणजे गर्भधारणेच्या रक्तचाचणीचा रिपोर्ट, निगेटिव्ह आला. पाचवा दिवस रविवारी येत होता म्हणून आम्ही उरकून घेतलं, असा तुमचा संशय आहे. तुमच्या फाइलमधलं मी इथे काही उघड करणार नाही. तुम्ही स्वतः लिहिलंत तेवढ्यावरच बोलते.

आधी रविवारचं. लॅब रविवारीही चालू असते. तुमच्या तिसऱ्या गर्भाची वाढ थांबल्याचं तुम्हाला त्या दिवशी कळलं, ते सकाळी एम्ब्रियॉलॉजिस्टने (लॅबमध्ये गर्भ सांभाळणाऱ्या तज्ज्ञाने) तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला म्हणूनच.

तुमचा खरा प्रश्न त्यापुढचा आहे: तो एक पाचव्या दिवसापर्यंत ठेवता आला, तर तिन्ही का नाही? तिसऱ्या दिवशी गर्भ साधारण सहा ते आठ पेशींचा असतो. पाचव्या दिवशी त्याचा ब्लास्टोसिस्ट होतो, म्हणजे आत पाण्याची पोकळी, एका बाजूला बाळ घडवणाऱ्या पेशींचा पुंजका आणि भोवती पुढे वार घडवणाऱ्या पेशींचं आवरण. हा पल्ला निम्मे गर्भ गाठत नाहीत असं नेहमी घडतं. आठ-दहा गर्भ असले की थांबण्याने चांगला कोणता ते कळतं. तुमच्या नणंदेचं पुण्यात पाचव्या दिवशी झालं असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांचे गर्भ किती होते हे जरूर विचारा. दोन-तीनच असले की निवडायला फारसं काही नसतं, आणि एकही पुढे गेला नाही तर त्या खेपेला ट्रान्सफरच होत नाही. म्हणून पेशी सारख्या वाढलेले गर्भ तिसऱ्या दिवशी गर्भाशयात सोडायचे आणि मागे पडलेल्याला आणखी दोन दिवसांची संधी द्यायची, असं आम्ही करतो. तिसरा दिवस म्हणजे जुनी, स्वस्तातली पद्धत नव्हे. १९७८ साली जन्मलेली पहिली टेस्टट्यूब बेबी लुईस ब्राउन आठ पेशींच्या गर्भापासूनच वाढली.

तरीही दुसरी बाजू आहे, आणि ती मी झाकणार नाही. ताज्या ट्रान्सफरमध्ये, म्हणजे गर्भ न गोठवता त्याच खेपेला सोडले की, पाचव्या दिवसाचे निकाल सरासरीने सरस दिसतात. फ्रोजन, म्हणजे गोठवून ठेवलेल्या गर्भांचे नंतरचे ट्रान्सफरही मोजले की तो फरक तितका स्पष्ट राहत नाही. शिवाय तुम्ही पाचव्या दिवसापर्यंत थांबला असतात आणि तिन्ही गर्भांची वाढ लॅबमध्येच थांबली असती, तर निदान बीटाची वाट पाहत काढलेले ते दिवस तुमच्या वाट्याला आले नसते. काही जोडप्यांना तेच बरं वाटतं.

दोन्ही वाटा योग्य होत्या, म्हणूनच निवड तुमची होती. ती तुम्हाला करू दिली नाही. सकाळी रिसेप्शनवरून फोन आला, ‘आजच बारापर्यंत या, पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका,’ आणि जतहून येताना वाटभर तुम्ही एकमेकांना विचारत होतात की आजच का. हे वाचून मला फार वाईट वाटलं. तो फोन मी करायला हवा होता. अंडी काढायच्या आधीच, गर्भ कमी झाले तर काय करायचं, हे तुमच्या दोघांशी बसून ठरवायला हवं होतं. मी ते केलं नाही. मनापासून माफी मागते.

आता तिसऱ्या दिवसाचा फोन डॉक्टरच करतात, आणि जोडप्याचं उत्तर मिळाल्यावरच गर्भांची डिश ट्रान्सफरसाठी इन्क्युबेटरबाहेर (गर्भ उबेत ठेवायच्या पेटीबाहेर) येते.

तुमच्या तिन्ही गर्भांच्या रोजच्या नोंदी, वेळा आणि फोटो काढून ठेवले आहेत. याल तेव्हा एम्ब्रियॉलॉजिस्टही सोबत बसतील. या भेटीची फी नाही. पुढचे उपचार दुसरीकडे घ्यायचे असतील तर पूर्ण फाइलची प्रत त्याच दिवशी हातात देऊ. यायचं जमत नसेल तर कुरिअरने पाठवते.