स्विमिंग पूल बघून मुक्काम ठरवणाऱ्यांनो, जरा थांबा

सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या ग्रुपवर दिवाळीनंतरच्या सहलीचं मतदान लागलंय. तीन दिवस, सतरा माणसं, एक टेम्पो ट्रॅव्हलर. २०२५ च्या जुलैत आपले मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून सगळ्यांना बाराही करायचे आहेत. पन्हाळा तर आपलं अंगणच. जिंजी तमिळनाडूत, ती बघू पुढं कधीतरी. यावेळी विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग.

मुक्कामाला तीन पर्याय होते. सगळ्यात जास्त मतं कुणाला? ज्याच्या फोटोत निळाशार पूल, रेन डान्स आणि दिव्यांच्या माळा लावलेले तंबू आहेत त्याला! सिंधुदुर्गाची होडी सुटते तो मालवणचा धक्का तिथून किती लांब, कुणी विचारलं नाही. मी एवढंच टाकलं, "कमोड आहे का?" तर हसऱ्या तोंडांची रांग आली आणि भाचा म्हणतो, "मावशे, ॲडव्हेंचर हाय गं!"

ॲडव्हेंचर मी गेल्या वर्षी रायगडाला केलंय, बाबा. आईला घेऊन. वय ७१, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तेव्हाही मुक्काम असाच फोटो बघून घेतलेला. "पायथ्यापासून दहा मिनिटं" म्हणून सांगितलं होतं. शेवटचा दीड किलोमीटर शेतातला कच्चा रस्ता. आमच्या ड्रायव्हरनं तोंडावरच गाडी थांबवली. "आत गेलो तर वळवायची कुठं?" त्याचं बरोबरच होतं. मग अंधारात बॅगा डोक्यावर आणि आई माझ्या खांद्यावर हात टाकून, ढेकळांतून.

चाळीसेक माणसं, संडास दोन. दोन्ही खाली बसायचे. रात्री दोनला आईला उठायचं होतं, तर मी आणि वहिनीनं दोन्हीकडून धरून तिला बसवलं आणि उठवलं. मोबाईलचा टॉर्च मी दातात धरलेला. बाहेर डीजे दीडला थांबला होता म्हणून निदान तिच्या तोंडून आलेलं "आई गं" ऐकू तरी आलं. ती स्वतः आई, आणि आईलाच हाक मारत होती.

हे वाचून परत कुणी हसरी तोंडं टाकली ना, तर बघा.

ठीक आहे, तंबू स्वस्त पडतात आणि पोरांना पाण्यात उड्या मारायच्या असतात, मान्य. पण सहल किल्ल्यांची आहे ना? पूल बघायला कोकणात कशाला उतरायचं, रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून भेळ खाऊया की मग.

आज दुपारी नवीन खूळ निघालं. दोन कॅराव्हॅन, म्हणजे आतच झोपायची-राहायची सोय असलेल्या गाड्या, भाड्यानं घेऊ, की मुक्कामाचा प्रश्नच मिटला! राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅनचं धोरण आणलं, ते खरं. पण माझा मामेभाऊ अमेरिकेत तीन कुटुंबं मिळून असल्याच गाड्या घेऊन मेसा व्हर्डीला गेलेला. कड्याच्या कपारीत साताठशे वर्षांपूर्वीची दगडी घरं आहेत तिथं. तो सांगत होता, गाड्या ठरवायच्या आधी त्या रात्री लावायचा तळ ठरवावा लागतो. गाडीची लांबी फुटांत कळवायची. मोअरफिल्ड नावाचा तळ आहे, तिथं वीज, पाणी आणि मैलापाण्याचा जोड असं तिन्ही मिळणाऱ्या जागा फक्त १५. आणि मागं जोडून ओढत आणलेलं चाकांचं घर त्या तळाच्या पुढं न्यायला बंदी. ते तिथंच सोडायचं आणि नुसत्या गाडीनं घाटातून पुढं जायचं. एवढं सगळं विचारून माणसं जागा घेतात. आमच्यात कुणाला हे विचारायचं सुचलंय? करूळ घाट उतरून गेल्यावर गाडीतली मैलापाण्याची टाकी रिकामी कुठं करणार? कुणाच्या आंब्याच्या बागेत?

असो. रायगडाचं राहिलं.

रात्रभर झोप नाही, पहाटे आंघोळीला रांग, परत बॅगा घेऊन ढेकळांतून गाडीपर्यंत. रोपवेला पोचेस्तोवर साडेदहा. तो रोपवे चार-पाच मिनिटांत वर नेतो, पण खाली रांग एवढी की आईनं बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही जावा. मी गाडीत बसतो." आमच्या आईच्या तोंडी 'बसते' कधी आलंच नाही, पक्की कोल्हापूरची. मी म्हटलं, थांबू गं, येईल नंबर. तर म्हणते, "पाय भरून आल्यात. मला हितनं दिसतोय की गड."

लहानपणी हिरकणीची गोष्ट मला तिनंच सांगितलेली. बुरूज बघायला मी वर गेले आणि सांगणारी खाली, खिडकीची काच अर्धी उघडून.

परतताना पाचाडला थांबलो. जिजाऊंची समाधी आहे तिथं. आई स्वतःहून उतरली. गडावरचा गार वारा जिजाऊंना मानवेना म्हणून महाराजांनी खाली पाचाडला वाडा बांधून दिला, असं सांगतात. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा आणि १७ जूनला त्या तिथंच गेल्या. आई पायरीवर बसून राहिली, बराच वेळ. मग गुडघा चोळत म्हणाली, "बघ, त्यांनी आईची सोय आधी बघितली." मला बोलली नाही ती. सहज म्हणाली. पण मला लागलं ते लागलंच.

म्हणून भांडतोय मी, भावांनो. (बघा, चिडलो की माझंही 'भांडतोय' होतंय.) पोरांवर राग नाही, तीच तर सामान उचलतात.

मतदान गेलं खड्ड्यात. संध्याकाळी मीच मालवणात एका घरगुती निवासवाल्या काकांना फोन लावला. धक्का जवळ, म्हणजे सकाळची पहिली होडी गाठता येईल. नंतर ऊन चढतं आणि किल्ल्यात चालणं आईला झेपणार नाही. विजयदुर्गाला तर होडीही लागत नाही, गाडी दारापर्यंत जाते, ते जाताना करू. काकांना चारच गोष्टी विचारल्या. गाडी आत येते का, खालच्या मजल्यावर किती खोल्या, कमोड किती, रात्री गाणी किती वाजेपर्यंत.

काका जरा थांबले आणि म्हणाले, "म्हातारं माणूस असा काय बरोबर?"

खाली दोन खोल्या आहेत, दोन्हीत कमोड. गाडी मात्र रिव्हर्सनं आत घ्यावी लागेल. ॲडव्हान्स पाठवलाय. ज्याला पूल पाहिजे त्यानं आपलं आपलं बघावं, बाकीच्यांनी उद्यापर्यंत आपापला वाटा पाठवा.