श्रीमंत शहरावर माहितीपट काढताय? जरा जपून

फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या नीस शहरावर माहितीपट काढायचाय ना? मग पहाटे उठा, निळा समुद्र टिपा, प्रोमेनाद देझांग्लेवरची ताडाची झाडं टिपा आणि पर्यटन खात्याचे आभार मानून मोकळे व्हा. समुद्रालगतचा हा रस्ता हिवाळा काढायला आलेल्या धनिक इंग्रजांच्या पैशातून झाला, एवढं सांगायला हरकत नाही. १८२०च्या सुमारास कडाक्याच्या थंडीत भिकाऱ्यांची गर्दी वाढली, तेव्हा त्यांनाच या कामाला लावलं होतं, हे मात्र गाळा. रसभंग होतो.

ज्याँ विगो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या नादी तर मुळीच लागू नका. क्षयाच्या दुखण्यापायी हा नीसला आला. गपगुमान हवा खावी! तर सासऱ्याने दिलेल्या पैशातून जुना कॅमेरा घेतला आणि १९३० साली 'आ प्रोपो द नीस' (म्हणजे 'नीसविषयी') हा मूक माहितीपट काढला. बाप अराजकवादी, तुरुंगात मेलेला. वळणाचं पाणी वळणावर गेलं. कॅमेरामन बोरिस काउफमनला चाकाच्या खुर्चीत बसवायचं, कॅमेरा लपवायचा आणि विगोने खुर्ची ढकलत न्यायची. आजाऱ्याकडे कोण बघतंय? तुम्ही असली लबाडी करू नका. आधी रीतसर कळवा, म्हणजे मंडळी पोट आत घेऊन बसतील.

खरा घात केला तो संकलनाच्या कात्रीने. तोऱ्यात चाललेली बाई दाखवलीस, ठीक. लगेच शहामृग कशाला? दुसरी एक खुर्चीत निवांत बसलीय. एक झगा, मग दुसरा, मग तिसरा, आणि मग अंगावर काहीच नाही. बाई तशीच निवांत! बूटपॉलिशवाला मन लावून घासतोय, बघावं तर पाय अनवाणी. मूकपटात एवढा आगाऊपणा, तर बोलायला मिळालं असतं तर काय केलं असतं कोण जाणे.

जुन्या नीसच्या गल्ल्या 'वारसा' म्हणून खुशाल दाखवा. दोरीवरचे कपडे छान दिसतात. फक्त ते किनाऱ्यावरच्या आरामखुर्च्यांना जोडू नका. विगो जोडतो आणि वर पॅरिसमध्ये भाषण ठोकून त्याला 'पुराव्यानिशी मांडलेला दृष्टिकोन' म्हणतो. दृष्टिकोन! माहितीपटात! १९३३ साली त्याच्या एका सिनेमावर बंदी आली ती काय उगाच?

शेवट सूर्यास्ताचा ठेवा. विगोच्या शेवटी कारखान्याची धुराडी येतात आणि हसणारे कामगार. ते कुणाला हसतायत, असं एखाद्या पाहुण्याने विचारलं तर पंचाईत. तेवढं कापाच.