फिश टँकबद्दलच्या 'त्या' मेसेजचा खुलासा

'पावसाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी गढूळ येतं, म्हणून दर रविवारी टँक पूर्ण रिकामा करा, फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुवा आणि पाण्यात तुरटी फिरवा', असा मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. हेतू चांगला असेल, पण असं केल्यास मासे दगावू शकतात.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. स्पंजवरचा तो तपकिरी बुळबुळीत थर म्हणजे नुसती घाण नव्हे! नळाच्या पाण्यातला क्लोरीन हे जिवाणू मारतो, माशांचे कल्लेही भाजतो. मग पाणी काचेसारखं नितळ दिसतं, पण अमोनिया साचतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत राहतात. टँकमधलं थोडं पाणी काढून त्यात टेस्ट किटचे थेंब टाकून बघा, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यच हवेत.

तुरटीने पाण्याचा पीएच घसरतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं, ती टँकमध्ये नकोच.

आठवड्याला 20-25 टक्के पाणी बदललं तरी साधारण पुरतं. नवं पाणी अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घालून, टँकच्या तापमानाला आणून ओता. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.