सी-डिफचं खापर फक्त सफाईवर फोडू नका

अँटिबायोटिक चालू असताना जुलाब लागले की 'औषध मानवलं नसेल' म्हणून आपण मोकळे होतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण रुग्णालयात असलेल्या किंवा नुकत्याच घरी आलेल्या वयस्कर माणसाला दिवसातून तीन-चारदा पाण्यासारखं होत असेल, तर डॉक्टरांना 'सी-डिफ तर नाही ना?' असं सरळ विचारा. सी-डिफ म्हणजे आतड्यात जुलाब लावणारा एक जंतू, पूर्ण नाव क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. अँटिबायोटिक संपून काही आठवडे उलटल्यावरही हा त्रास उपटतो, म्हणून मागची औषधंही आठवून सांगा. आणि जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने देऊ नका.

हा जंतू आतड्यात असूनही गप्प राहू शकतो, कारण तिथल्या बाकीच्या जिवाणूंची गर्दी त्याला हातपाय पसरू देत नाही. अँटिबायोटिकने ती गर्दी पांगवली की त्याला रान मोकळं. मग तो विष सोडतो, मोठं आतडं सुजतं. क्लिंडामायसिन, सेफलोस्पोरिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली फ्लुरोक्विनोलोन्स यांत आघाडीवर. 1978 पासून हा जंतू अशा आजाराचं कारण म्हणून ठाऊक आहे, म्हणजे नवं काहीच नाही.

विष्ठेतून बाहेर पडलेले त्याचे बीजाणू, म्हणजे जंतूचं टणक कवचातलं सुप्त रूप, पलंगाच्या कठड्यावर, कमोडच्या दांड्यावर, नर्सला बोलवायच्या बटणावर कित्येक महिने तग धरतात. डायपर बदलला, हातमोजे काढले, सॅनिटायझर चोळला आणि पुढच्या पलंगाकडे गेलं, की सगळं नियमाने झालं असं वाटतं. पण अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात, पलंग-कठड्यांना क्लोरीनचं द्रावण लागतं.

तरी सगळं सफाईवर ढकलणं मला पटत नाही. इंग्लंडमध्ये सी-डिफचे रुग्ण झपाट्याने घटले, तेव्हा श्रेय कडक स्वच्छतेचं की कमी झालेल्या अँटिबायोटिकचं, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जंतूंची जनुकं तपासून पाहिलं. 2017 साली ते प्रसिद्ध झालं. स्वच्छतेनेच काम केलं असतं तर जंतूचे सगळेच वाण, म्हणजे उपप्रकार, घटायला हवे होते. घटले ते फ्लुरोक्विनोलोनला दाद न देणारे. बाकीचे जवळपास होते तिथेच राहिले. त्या काळात फ्लुरोक्विनोलोनचा वापर आवरला गेला होता.

मग हात धुण्याच्या फलकाइतकाच मोठा प्रश्न राउंडच्या वेळी का विचारला जात नाही, की 'याचं अँटिबायोटिक आज थांबवता येईल का?' नातेवाइकांनी विचारलं तर काही डॉक्टरांना राग येतो. येऊ दे.

गरज असलेलं अँटिबायोटिक नाकारा किंवा परस्पर बंद करा, असं मी म्हणत नाही. सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गामुळे जिवावर बेतलेल्या रुग्णाला पहिला डोस लवकरात लवकर मिळालाच पाहिजे. माझं भांडण आहे ते 'राहू दे, असलेलं बरं' म्हणून आठवडाभर चालू ठेवलेल्या इंजेक्शनशी.