‘ओढ वाढली की वर यायचं’ म्हणे!

परवा रात्री भाच्याने एक रील पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘आत्या, कोर्स कॅन्सल करतोय. पैसे वाचले.’ हा ऑगस्टमध्ये बालीला चाललाय, नुसा पेनिडाला डाइव्ह करायला. ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, गेल्या वर्षी झाला, लॉगबुकात मोजून अकरा डाइव्ह. रीलवाल्याचं म्हणणं असं की ड्रिफ्ट डायव्हिंगचं, म्हणजे समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहत डाइव्ह करायचं, ट्रेनिंग म्हणजे पैसे उकळायचा धंदा. कारणं पाच: करंट आपल्याला नेतो, आपण काहीच करायचं नसतं; हवा कमी लागते; गाईड सोबत असतो; फुगा (आपण कुठे आहोत ते बोटीला दिसावं म्हणून पाण्याखालून दोरीने वर सोडतात तो) त्याच्याकडे असतो; आणि ओढ फार वाटली तर सरळ वर यायचं, बोट उभीच असते.

आमच्या ग्रूपवर हेच रील तीनदा येऊन गेलं. तेव्हा मी गप्प बसले, ती माझी चूक.

हवेचं आधी उरकते. ती कमी लागते, खरं आहे. पण शांतपणे वाहत गेलात तर. फोटोसाठी प्रवाहाच्या उलट फिन्स मारून बघा, सिलिंडरमधली हवा दाखवणाऱ्या गेजचा काटा कसा उतरतो ते कळेल. आणि ‘काहीच करायचं नसतं’ हे वाहण्यापुरतं ठीक. वाहायला कोण शिकवतंय? लाकडाचा ओंडकाही वाहतो.

आता ते शेवटचं कारण. ‘बोट उभीच असते.’ अरे, ड्रिफ्ट डाइव्हमध्ये बोट नांगर टाकत नाही! ती आपल्या मागे फिरते, आपले बुडबुडे आणि फुगा बघत. आणि ‘सरळ वर यायचं’ म्हणजे किती वेळ, याचा हिशेब या बाबाने केलाय का? समजा तुम्ही 25 मीटरवर आहात. मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नाही, 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. झाली सहा मिनिटं. एक नॉट म्हणजे मिनिटाला साधारण 31 मीटर. तीन नॉटच्या प्रवाहात ‘वर येऊ’ असं ठरवल्यापासून डोकं पाण्याबाहेर येईपर्यंत तुम्ही अर्ध्या किलोमीटरच्या पुढे गेलेले असता. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं. तेही दिसलं तर.

शिवाय पेनिडाचं पाणी म्हणजे आपलं तारकर्ली नव्हे. प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागरात उतरतं त्या वाटांपैकी एक लोंबोकची सामुद्रधुनी, आणि हे बेट तिच्या काठावर. त्यात भरती-ओहोटी मिसळते; अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ वेगळी, सप्तमी-अष्टमीच्या भांगाला वेगळी. क्रिस्टल बे या तिथल्या प्रसिद्ध जागी प्रवाह कधी कधी भिंतीवरून खाली वळतो. आपलेच बुडबुडे वर जायचे सोडून खाली निघालेले दिसतात. त्या क्षणी हात आपोआप तरंगायच्या जॅकेटमध्ये हवा भरायच्या बटणावर जातो, भराभर. 30 मीटरवर भरलेली हवा पृष्ठभागापर्यंत चौपट फुगते. प्रवाहाने मध्येच सोडलं की तुम्ही बाटलीच्या बुचासारखे वर. भिंतीपासून बाजूला, मोकळ्या पाण्याकडे सरकायचं, हवा थोडी थोडी भरायची आणि सुटल्याबरोबर काढायची, हे तिथे सुचत नाही. आधी कोणीतरी करून घेतलेलं असावं लागतं.

14 फेब्रुवारी 2014 ला याच परिसरात, शेजारच्या नुसा लेंबोंगानजवळ, सात जपानी डायव्हर बायका बेपत्ता झाल्या. जोराच्या पावसात बोटीला त्या दिसेनाशा झाल्या. तीन दिवसांनी पाच जणी जिवंत सापडल्या. दोघी वाचल्या नाहीत. ‘बोट उभीच असते’ म्हणणाऱ्याने एवढं एक प्रकरण वाचावं. आता कोणी म्हणेल, त्या सातांत दोघी इन्स्ट्रक्टर होत्या, ट्रेनिंगने काय केलं? बरोबर आहे. ट्रेनिंग समुद्राची हमी देत नाही. पण त्यावरून ‘अकरा डाइव्हवाल्याला काहीच नको’ असा अर्थ काढायला वेगळीच अक्कल लागते.

गाईड असतो, फुगा त्याच्याकडे असतो. आणि तुम्ही त्याच्यापासून सुटलात तर? तेव्हा फुगा सोडायचा तुम्हीच. ऐकायला सोपं वाटतं. मी ठाण्याच्या तलावात, म्हणजे स्विमिंग टँकमध्ये, पहिल्यांदा सोडला तेव्हा फुग्याची दोरी ज्यावर गुंडाळतात त्या स्पूलची दोरी जॅकेटच्या क्लिपमध्ये अडकली आणि फुग्याबरोबर मीही वर. चार मीटर खोल पाणी होतं म्हणून सगळे हसले. पाच-सहा वेळा घोळ घातल्यावर हाताला सवय झाली: आधी दोरी मोकळी, मग फुग्यात थोडीच हवा, मग स्पूल अंगापासून लांब.

रीलवाल्याला एक गोष्ट मात्र द्यावी लागेल, नाइलाजाने. कोर्स केल्याची कार्डं नुसती विकणारे आहेत. ड्रिफ्टचा कोर्स दोन डाइव्हचा. शांत पाण्यात उरकून हातात कार्ड ठेवणारेही भेटतात. मेक्सिकोत कोझुमेलला रोज ओपन वॉटरवाले गाईडबरोबर ड्रिफ्ट करतात, कार्ड कोणी विचारत नाही. तेव्हा प्लास्टिकच्या तुकड्यासाठी पैसे टाकू नका, कबूल. शिकवणारा कोण आणि पाणी कुठलं, ते बघा.

एकाने कमेंट केलीय, ‘मालवणला स्कूबा केलंय, तेवढं पुरे.’ मालवणला तुमचा सिलिंडर मागून दुसऱ्याने धरलेला असतो, दादा.

भाच्याशी काल बोलणं झालं. पोरगं थोडं ओशाळलं, मग म्हणालं, ‘मग इथे करू की तिथे?’ म्हटलं, फुगा इथे शीक, टँकमध्ये, दर रविवारी. ड्रिफ्ट तिथे, तिथलं पाणी वर्षानुवर्षं बघितलेल्या माणसाकडे, आणि पहिले दोन दिवस क्रिस्टल बेचं नाव काढायचं नाही. स्पूल माझा घेऊन जा. दोरी नीट गुंडाळून परत आण.