५० टाळ्यांचा आहेर

तर तुम्हालाही लेखक व्हायचंय म्हणता. म्हणजे लेखक नाही हो, ते सोपं आहे, वही घ्या नि लिहा, कुणी अडवलंय. तुम्हाला हवेत फॉलोअर. मग आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा, हा धंदा वेगळा नि तो धंदा वेगळा, दोन्ही एकदम करायला गेलात तर दुपारचं जेवण राहतं आणि लेखही होत नाही.

मी स्वतः मिडियमवर, म्हणजे लेख टाकायच्या वेबसाइटवर आहे, तीन वर्षं झाली. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, २०१२ मध्ये इव्हान विल्यम्स नावाच्या माणसाने काढलं ते, ह्यानेच आधी ब्लॉगर काढलं होतं आणि ट्विटर काढणाऱ्यांतही हाच, थोडक्यात लोकांना लिहायला बसवायचं हा ह्याचा जुना नाद. तिथे लाइक नसतं, टाळी असते, आणि एक माणूस एका लेखाला एक नाही तर ५० टाळ्या देऊ शकतो. बोट दाबून धरायचं, आकडा पळतो. स्वतःच्या लेखाला स्वतः टाळी देता येत नाही एवढीच काय ती अडचण, पण त्यासाठी आपल्याकडे चुलत-मावस भावंडं असतात.

तो ५० चा आकडा बघितला आणि मला पहिल्याच दिवशी सगळं कळलं. हा आहेर आहे! आपल्याकडे लग्नात मांडवाच्या कडेला एक जण वही घेऊन बसतो बघा, नाव, गाव, रक्कम, आणि ती वही पुढे वीस वर्षं गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली राहते, समोरच्याच्या पोरीचं लग्न निघालं की बाहेर येते, ह्यांनी आपल्याला काय घातलं होतं ते बघायला. इथे तेच आहे. फक्त आपण ५१ घालतो आणि त्या अमेरिकन माणसाला वरचा एक काही सुचला नाही, त्यामुळे दर वेळी हात आखडता घेतल्यासारखं वाटतं मला.

तेव्हा वही ठेवा. मी एक्सेलमध्ये ठेवलीय. कोणी, कधी, किती दिल्या, आपण कधी फेडल्या. जो ५० देतो त्याला ५०. ११ देणाऱ्याला ११, एक जास्त नाही, सवय बिघडते. आणि वाचायचं नाही बरं का, ह्यात नवीन माणूस हमखास फसतो. आहेराचं पाकीट तुम्ही मांडवात फोडून बघता का? वाचत बसलात तर दिवसाला चार लेख होतील, मला रोज चाळीस फेडायचे असतात. लेख उघडा, खाली सरकवा, मध्येच कुठलं तरी वाक्य उचला, खाली चिकटवा, शेजारी लिहा 'हे फार आतून आलंय', पुढचा. माझी आत्या शिंदखेड्याची, मला हे करताना बघून अहिराणीत विचारते, 'कोन वाचस रे भाऊ हाई?' आता तिला काय सांगणार, वाचणं हा भाग त्यात कुठे येतच नाही.

मग लिहायचं कशावर. विषय नसेल तर उत्तम, असेल तर लपवा. सगळ्यात खपाऊ विषय म्हणजे ऑडियन्स कसा वाढवावा, कारण तिथे आलेला प्रत्येक जण तेच शोधत आलेला असतो. माझे फॉलोअर ११ होते, त्यातले तीन घरचे, तेव्हा मी लिहिलं 'शून्यातून समुदाय कसा उभा करावा'. चालला ना लेख! आणि खानदेशी असल्याचा फायदा घ्या की जरा. वरण-बट्टीतून शिकलेले लीडरशिपचे सात धडे. (सहा झाले की दम लागतो, सातवा 'संयम' टाकायचा, तो कुठेही बसतो.) खापरावरच्या पुरणपोळीने मला टाइम मॅनेजमेंट शिकवलं, असाही एक लिहिलाय, आता ती पोळी हातांवर झुलवत झुलवत मोठी करून खापरावर टाकणं मला जमत नाही, आईला जमतं, पण आईचं अकाउंट नाहीये. आमच्या कानबाई देवीच्या रोटांवर लिहिलं, 'नवस आणि नेटवर्किंग', त्याला प्रतिसाद बरा आला, आत्याने मात्र दोन दिवस फोन घेतला नाही.

लांबीचं फार मनावर घेऊ नका. वर आपोआप येतं किती मिनिटांचं वाचन ते, मिनिटाला २६५ शब्दांच्या हिशोबाने. लोक तेवढंच वाचतात.

आता कसं करू नये ते सांगतो. माझा चुलतभाऊ, रावेर तालुक्यात केळी करतो. मीच त्याला अकाउंट काढून दिलं, चूक झाली. त्याने लेख लिहिला, हेडिंग काय, तर 'केळीवरचा सीएमव्ही'. संपलं हेडिंग. ना आकडा, ना 'तुम्हीही हीच चूक करताय का'. आत सगळं सरळसोट, की पानावर पिवळे पट्टे दिसले, पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, कुजायला लागला की त्या झाडाचा मोह धरू नका, उपटा आणि बांधावर न टाकता लांब नेऊन पुरा, मावा हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो म्हणून त्याचा बंदोबस्त वेळेत करा, आणि बागेत किंवा शेजारी काकडी-भोपळ्याचे वेल ठेवू नका कारण हाच व्हायरस त्यांच्यावरही मुक्कामाला असतो, नावातच काकडी आहे त्याच्या, कुकुंबर मोझॅक व्हायरस, तोच सीएमव्ही. आता सांगा, ह्यात वाचकाचा प्रवास कुठाय? लेखकाची जखम कुठाय? टाळ्या आल्या तीन. दोन माझ्या, तिसरी कुणाचं तरी बोट लागलं असणार.

मी म्हटलं नाव बदल, 'एका कुजलेल्या पोंग्याने मला नात्यांबद्दल काय शिकवलं' असं कर, बघ कसा पळतो. तर म्हणे, दादा, पोंगा कुजला तर झाड उपटावं लागतं, नात्याचं काय करू? असल्या माणसाची वाढ होत नाही. त्याला फोन मात्र येत राहतात, रात्री दहाला कुणीतरी पानांचे फोटो पाठवतं, मुक्ताईनगरहून, यावलहून, पार बऱ्हाणपूरकडून, आणि हा खाटेवर बसून एकेकाला उत्तर देतो. फोन डॅशबोर्डवर दिसत नाहीत, हे त्याला मी दोनदा समजावलं.

गुरू लोक अजून एक सांगतात, कन्सिस्टन्सी. त्याला उदाहरण बाहेरून आणायची गरजच नाही, आपल्या धुळ्याचं घ्या. १९३२, धुळ्याचा तुरुंग, विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, २१ फेब्रुवारी ते १९ जून, १८ रविवार नि १८ अध्याय, एक खाडा नाही. साने गुरुजी समोर बसून उतरवून घ्यायचे. आता ह्यातून भाविक माणसं भलतंच काहीतरी घेतात. आपल्यासारख्याने बघायचं की ऑडियन्स कुठे होता. आत! कुलूप बाहेरून! अनसबस्क्राइबचं बटण सरकारच्या ताब्यात. ह्याच्यापेक्षा पक्का वाचकवर्ग अजून कुठल्या कंपनीला जमलेला नाही. तुमच्याकडे तुरुंग नसेल तर फॅमिली ग्रुप आहे, तिथे टाका लिंक, ग्रुप सोडला तर काका विचारतात का सोडला म्हणून कुणी सोडत नाही.

चाळीसगावच्या केकी मूसांचा आदर्श मात्र चुकूनही ठेवू नका. त्या माणसाने स्वतःला बंगल्यात कोंडून घेतलं, कित्येक दशकं उंबरठा ओलांडला नाही म्हणावं इतका कमी ओलांडला, टेबलावर मांडामांड करून फोटो काढत बसले आणि देशोदेशींची बक्षिसं गोळा झाली. एकही रील नाही. १९८९ मध्ये गेले, सुटले, नाहीतर कुणीतरी म्हटलंच असतं, सर तुमचं बिहाइंड द सीन टाका ना थोडं. बहिणाबाईंना तर लिहिता येत नव्हतं, गाणी दुसऱ्यांनी उतरवून घेतली, पुस्तक आलं ते १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. आज विद्यापीठाला नाव आहे, मान्य, पण हयातीतली एंगेजमेंट बघा.

असो. परवा पारोळ्याला लग्न होतं, मे महिना, ४४ डिग्री, मी कूलरच्या तोंडाशी खुर्ची धरून बसलेलो. एक जण आला, हात जोडून म्हणाला, सर ओळखलं का, मी तुमचा फॉलोअर, तुमचं सगळं वाचतो. तीन वर्षांत पहिला जिवंत फॉलोअर हो! मला एकदम भरून आलं. विचारलं, कुठला आवडला? तो म्हणाला, सगळेच. मी म्हटलं, तुमचेही मला सगळेच. मग दोघंही जरा वेळ कूलरकडे बघत बसलो. तिकडे हात धुवायच्या टाकीपाशी चुलतभावाला सहा-सात जणांनी घेरलं होतं, मोबाइलवर पानं झूम करून दाखवत होते, त्याची पंगतही हुकली बहुतेक.

आमच्या पंगतीत हा फॉलोअर माझ्या शेजारीच बसला. बट्टी मोडली, वरण आलं, तूप आलं, तसा हळूच कानाशी येऊन म्हणाला, सर, राग मानू नका, पण गेल्या मंगळवारच्या माझ्या लेखाला तुमच्या ४८ च आल्यात.

मी डाव्या हाताने मोबाइल काढला, एक्सेल उघडली. खरंच, ४८. लेख शोधला, स्क्रीनला तूप लागलं होतं, बोट सरकत होतं, पण तिथेच बसल्या बसल्या दोन घातल्या.